पावकी ते औटकी : मराठी पाढ्यांची रचना आणि तीमागील व्यवहार

मराठी मुलखातील जुन्या शाळेत 'पाढे' या शब्दाने केवळ पूर्णांकांच्या पटींचा बोध होत नसे. एकापासून तीसपर्यंतच्या अंकांचे पाढे मुखोद्गत झाल्यावर विद्यार्थ्यास पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी ही अपूर्णांकांची कोष्टके पाठ करावी लागत. एकोणिसाव्या शतकातील शिक्षणविषयक अहवालांत या पाठांतराचा उल्लेख बहुधा नापसंतीच्या सुरात येतो, आणि पुढील काळातील स्मरणपर लेखनात तो कौतुकाच्या सुरात येतो. दोहोंतही पाठांतर ही शिस्तीची किंवा स्मरणशक्तीची बाब समजली गेली. वस्तुतः ही कोष्टके कोणत्या संख्यांची होती आणि त्याच संख्यांची का होती, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर गणितशास्त्रापेक्षा बाजारात, सराफ्यात आणि धान्याच्या अंबारांत अधिक सापडते.

पंतोजीच्या शाळेत छापील पुस्तक नव्हते. धूळपाटीवर अक्षरे व अंक गिरवावयाचे, मोडी वळण बसवावयाचे आणि शाळा सुटण्यापूर्वी उभे राहून एकमुखाने उजळणी म्हणावयाची, असा क्रम असे. एक थोरला विद्यार्थी पुढे म्हणे, बाकीचे मागे म्हणत. सायंकाळी घरी दिवेलागणीस स्तोत्रांबरोबर परवचा होई व त्यातही पाढे येत. थोरल्याने धाकट्यास शिकविण्याच्या या रीतीस मद्रास येथील अनाथ मुलांच्या शाळेत असलेल्या अँड्र्यू बेलने अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात प्रसिद्धी दिली, आणि पंचवीस-तीस वर्षांनी तीच रीत बेल व लँकेस्टर यांची नवी पद्धती म्हणून मुंबई इलाख्यात परत आली.

पाढ्यांची भाषा बोलभाषेहून निराळी आहे, आणि ती जुनी आहे. मराठी माणूस 'दोन' म्हणतो, परंतु पाढा मात्र 'बे'चा म्हणतो. संस्कृत 'द्वे'पासून प्राकृतातून आलेले हे रूप गुजरातीत आजही नित्याच्या बोलण्यात आहे; मराठीत ते प्रायः पाढ्यापुरते उरले. 'दुणे' हे द्विगुणाचे, 'त्रिक' हे तसेच संस्कृत, 'चोक' हे चतुष्काचे आणि 'सक' हे षट्काचे रूप होय. अपूर्णांकांची नावे त्याहून बोधक आहेत. 'सव्वा' म्हणजे सपाद, 'पाऊण' म्हणजे पादोन, म्हणजे एक पाद उणे. 'दीड' हा द्व्यर्ध, 'अडीच' हा अर्धतृतीय आणि 'औट' हा अर्धचतुर्थ: ज्यातील दुसरा, तिसरा किंवा चौथा एकक अर्धाच आहे, अशी ती मोजणी. संतवाङ्मयात मनुष्यदेहास औट हातांचा म्हटलेले आढळते. नित्य व्यवहारात मात्र साडेतीनने औटास केव्हाच बाजूस सारले, आणि कोष्टकाने त्यास आश्रय दिला. या मालिकेत 'निमकी' एकटीच परकी दिसते. तिच्यातील 'निम' हा फारसी शब्द आहे. अर्ध्यास संस्कृतोद्भव शब्द हाताशी असताना त्याच्या कोष्टकास फारसी नाव मिळावे, यावरून ही कोष्टके पाठशाळेपेक्षा दफ्तराच्या सहवासात घडत गेली असावीत, असे अनुमान काढण्यास जागा आहे.

पाठशाळेच्या गणितात पाढे कसे येतात हे पाहिल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो. भास्कराचार्याच्या लीलावतीत (इ. स. ११५०) गुणाकाराच्या अनेक रीती दिल्या आहेत. १३५ ला १२ ने गुणण्याच्या एकाच उदाहरणात गुणकाचे ८ आणि ४ असे तुकडे पाडणे किंवा ३ व ४ असे अवयव घेणे या युक्ती तेथे दाखविल्या आहेत. पाढे मात्र तेथे शिकविलेले नाहीत. ते येतात असे गृहीत धरले आहे. ग्रंथाचा आरंभ होतो तो नाण्यांच्या परिभाषेने. वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. रुपयाचे सोळा आणे व आण्याचे चार पैसे ज्यास परिचित आहेत, त्यास या परिभाषेतील चार आणि सोळा हे आकडे अनोळखी वाटणार नाहीत. भास्कराचार्याच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापन केला. त्याविषयीच्या शिलालेखात (इ. स. १२०७) संस्कृत मजकुराखाली मराठी ओळी आहेत, आणि त्या ओळी पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावरील करांचे उत्पन्न मठास दिल्याविषयी आहेत. सिद्धांतगणित आणि बाजाराचा हिशेब हे दोन्ही एकाच शिळेवर आहेत, पण दोन भाषांत.

आता कोष्टकांच्या निवडीचा विचार करू. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड आणि अडीच रुपये यांचे आणे केल्यास अनुक्रमे ४, ८, १२, २०, २४ व ४० हे आकडे येतात. देशी मापांत चार शेरांची पायली, आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, वीस मणांची खंडी आणि चाळीस शेरांचा मण. (मणाचे शेर सर्व गावी व सर्व जिनसांस सारखे नव्हते, तरी चाळीसाचा मण सर्वांत रूढ होता व १८३३ नंतर सरकारी मानही तेच झाले.) हा मेळ लक्षात घेतला म्हणजे प्रत्येक कोष्टक म्हणजे एक तयार भाषांतर होते, हे दिसून येते. शेरास सात आणे भाव असेल तर मणाची किंमत काढण्यासाठी सातास चाळीसने गुणून सोळाने भागण्याचे कारण नाही. आण्यास शेर म्हणजे अडीच रुपये मण. म्हणून अडीचकीत सातापाशी जे उत्तर आहे, साडेसतरा, तेच रुपये. मणाचा भाव आण्यांत आणि खंडीची किंमत रुपयांत हवी असल्यास सवायकी, कारण वीस आणे म्हणजे सव्वा रुपया. माशाची मजुरी आण्यांत आणि तोळ्याची रुपयांत, किंवा महिन्याचा आकार आण्यांत आणि वर्षाचा रुपयांत हवा असेल तेथे पाऊणकी. पायलीस पावकी. गुणाकार आणि भागाकार या दोन क्रिया एका ओळीच्या पाठांतरात विरून जात.

अर्थात मेळ दिसला म्हणजे उत्पत्ती सिद्ध झाली असे नव्हे. सव्वा, दीड, अडीच हे शब्द आण्याच्या हिशेबापेक्षा पुष्कळ जुने आहेत. तथापि मालिकेतील हीच कोष्टके पिढ्यान्‌पिढ्या का टिकली, आणि उदाहरणार्थ तृतीयांशाचे कोष्टक का नव्हते, याचा उलगडा या मेळाने होतो. औटकीस मात्र असा सरळ मेळ लावता येत नाही. छप्पन्न आण्यांचे कोणतेही रूढ माप नाही. तिचा उपयोग अन्यत्र, विशेषतः व्याजाच्या महिन्यांत शोधावा लागतो.

पूर्णांकांच्या पाढ्यांविषयीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. प्रत्येक पाढा दहापाशी थांबतो, कारण दशमान लेखनात पुढील पट स्थान बदलून मिळते. पण पाढ्यांची संख्या दहावर थांबत नाही. ती तीसपर्यंत जाते. या तीसामागे महिन्याचे दिवस असावेत असे मानणे सयुक्तिक होय. रोजमुऱ्यावरून दरमहा काढण्याची गरज सर्वांनाच होती. आणि भाव कोणताही असू शकतो, म्हणून तेरा, सतरा, एकोणतीस असे अडनिड अंकही सोडता येत नाहीत. बाबिलोनियातील षष्टिमान कोष्टकांशी येथे तुलना उद्बोधक ठरते. निप्पुर येथील शाळांतील मातीच्या विटांवर ज्या संख्यांची गुणाकार-कोष्टके आढळतात, त्यांत सात सोडल्यास प्रायः साठाच्या अवयवांतून बनणाऱ्याच संख्या आहेत. अकरा, तेरा, सतरा यांचे पाढे तेथील प्रमाण मालिकेत नाहीत. तेथे भागाकार हा व्यस्तांकाने गुणून करावयाचा असल्यामुळे कोष्टके त्या रीतीने निवडली गेली. आपल्याकडे तमिळ तिण्णै शाळांतील 'एण्चुवडी' ही मराठी कोष्टकांची खरी भगिनी होय. तिच्यातही पूर्णांकांबरोबर विसांश, ऐंशीवा अंश, तीनशेविसावा अंश अशा अपूर्णांकांची पाठांतरे आहेत, आणि डी. सेंथिल बाबू यांच्या अलीकडील संशोधनाने ती जमीन, धान्य व मजुरी यांच्या मोजणीशी कशी जोडलेली होती हे दाखविले आहे. मराठी कोष्टके चारात मोडतात आणि तमिळ कोष्टके विसात व चारात मोडतात. पाठांतराची प्रेरणा मात्र एकच आहे.

मोडी जमाखर्चाचे अंकलेखन या कोष्टकांना समांतर होते. रुपयाच्या आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. त्यापुढील आडव्या रेघा म्हणजे एक, दोन वा तीन आणे. चार उभ्या रेघा कधी येत नाहीत, कारण चौथीने रुपया पुरा होतो. चार आडव्या येत नाहीत, कारण चौथीने पावली पुरी होते. चाराने मोडणे आणि त्या चौथाईस पुन्हा चाराने मोडणे, ही दुहेरी घडी कागदावर रेघांनी व तोंडी कोष्टकांनी पडत असे.

उदाहरणादाखल पाऊणशे रुपये दरमहा दरशेकडा दीड रुपया दराने साडेतीन महिने दिले, असे समजू. शंभरास दीड, तर पाऊणशेस दिडाची पाऊणपट, म्हणजे एक रुपया दोन आणे. त्याची औटपट करावयाची: एक रुपयाचे साडेतीन रुपये, दोन आण्यांचे सात आणे. एकूण तीन रुपये पंधरा आणे. लिहिताना तीनच्या आकड्यापुढे तीन उभ्या व तीन आडव्या रेघा. सावकाराच्या ओट्यावर हा हिशेब बोलता बोलता होई, आणि ज्यास पाऊणकी व औटकी येत होती तो समोर बसून तो पडताळूही शके. ज्यास येत नव्हती त्यास विश्वास ठेवावा लागे.

येथे या विषयातील खरा वादाचा मुद्दा येतो. माऊंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत व त्यानंतर मुंबई इलाख्यातील देशी शाळांची माहिती मागविण्यात आली. ही कागदपत्रे पुढे रा. वि. परुळेकर यांनी प्रकाशात आणली. १८२९ च्या मोजणीत १,७०० वर शाळा व ३५,००० वर विद्यार्थी आढळले, आणि ही मोजणी अपुरी होती असे परुळेकरांनी प्रतिपादन केले. मुंबईच्या गव्हर्नरच्या कौन्सिलातील प्रेंडरगास्ट याने तर १८२१ मध्ये असे नमूद केले होते की, या मुलखातील लहानसहान शेतकरी व दुकानदार आपला हिशेब इंग्लंडातील त्याच थरातील लोकांपेक्षा अधिक अचूक ठेवतात. त्याच दशकात शाळापुस्तके करणाऱ्या मंडळींचे मत निराळे होते. १८२२ मध्ये स्वतंत्र झालेल्या व १८२७ पासून बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेच्या दृष्टीने देशी शाळांत पुस्तके नाहीत, पद्धती नाही आणि पाठांतरास अर्थ नाही, असे दोष होते. संस्थेचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी मराठीत गणिताची पुस्तके सिद्ध केली. त्यांतून अंश व छेद यांच्या रीतीचे अपूर्णांक शाळेत रुळले. ही रीत भारतीय गणितास नवी नव्हती. ती पाठशाळेतून गावठी शाळेत प्रथमच इतक्या विस्ताराने उतरली. त्यामुळे एकाच वर्गात दोन गणिते शेजारी नांदू लागली. पाटीवर तीन छेद चार, आणि तोंडात पाऊण.

प्रेंडरगास्टचे म्हणणे खरे मानले, तर पन्नास वर्षांनी त्याच मुलखात जे घडले त्याचा अर्थ कसा लावावयाचा? मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा झाला व तो पुणे-अहमदनगर भागात पसरला. दंगेखोरांचा रोख सावकारांच्या जीवितापेक्षा त्यांच्या कागदांवर होता. कर्जरोखे काढून जाळणे हे त्यांचे मुख्य काम. शेतकऱ्यास हिशेब येत नव्हता म्हणून तो बुडाला, असे स्पष्टीकरण सोपे आहे, पण अपुरे आहे. पावकी आणि दिडकी ही तोंडी विद्या होती, आणि तोंडी व्यवहारात ती पुरेशी होती. ब्रिटिश सरकारच्या दिवाणी न्यायालयांनी जे प्रमाण मानले ते मोडी लिपीतील खत, त्यावरील अंगठा आणि त्यात लिहिलेला आकडा. मुद्दल म्हणून लिहिलेल्या रकमेत मागील व्याज किती मिसळले आहे, हे औटकी पाठ असून कळत नाही. त्यासाठी खत वाचता यावे लागते. व्याज मुद्दलाच्या पलीकडे जाऊ नये, हा दामदुप्पटीचा जुना नियमही खत नवे करून चुकविता येत असे. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयास खताच्या मागे जाऊन मूळ देवघेव तपासण्याचा अधिकार दिला आणि ऋणकोस पावती व हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क दिला, तो याच कारणाने.

महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणाची जी यादी दिली, तिचा अर्थ या पार्श्वभूमीवर उलगडतो. तीत आरंभीच मोडी व बालबोध वाचन-लेखन आहे आणि त्यास लागूनच हिशेब आहे. नुसता हिशेब त्यांनी मागितला नाही आणि नुसते अक्षरज्ञानही नाही. पंतोजीच्या शाळेचा दरवाजा शूद्रातिशूद्रांच्या मुलांस फार थोडा व मुलींस जवळजवळ नव्हताच. १८४८ मध्ये फुले दांपत्याने पुण्यात मुलींची शाळा काढली तीच मुळी या व्यवस्थेबाहेर. पाढ्यांच्या जुन्या वैभवाविषयी लिहिताना ही गोष्ट पुष्कळदा निसटते. आठवडी बाजारात माळव्याची पाटी घेऊन बसणारी बाई पाव आणि पाऊण यांचा हिशेब करीत होतीच; पण तो तिने कोणत्याही शाळेत उजळणी म्हणून मिळविलेला नव्हता, आणि म्हणून त्याची नोंद कोणत्याही अहवालात झाली नाही.

अपूर्णांकांची कोष्टके शिक्षणशास्त्र्यांच्या टीकेने गेली नाहीत. सरकारी शाळा, छापील अंकलिपी आणि अंश-छेदांची पुस्तके यांच्याबरोबर ती आणखी शंभर वर्षे नांदली. ती गेली ती नाणी आणि वजने बदलल्यावर. १९५५ च्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजने-मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. येथे एक बारकावा पाहण्यासारखा आहे. चौथाईस या बदलाने धक्का लागला नाही. शंभराचा पाव पंचवीस, अर्धा पन्नास, पाऊण पंचाहत्तर, सर्व पूर्णांक. मोडली ती चौथाईची चौथाई. आणा म्हणजे सव्वासहा पैसे, आणि असा पैसा टाकसाळीत पडत नाही. म्हणून रूपांतराच्या सरकारी कोष्टकात एका आण्याचे सहा, दोनांचे बारा, तिनांचे एकोणीस आणि चारांचे पंचवीस नवे पैसे धरले गेले. एकेक आणा तीनदा दिला तर अठरा, आणि तीन आणे एकदम दिले तर एकोणीस! ज्या मुलास पट म्हणजे काय हे पाढ्यांनी शिकविले होते, त्याच्यासमोर पटीचा नियम न पाळणारे कोष्टक दुकानांत टांगले गेले. वरील व्याजाचे उदाहरण नव्या मानात केल्यास तीन दशांश नऊ तीन सात पाच असे येते; ते चौऱ्याण्णव पैशांवर ओढून बसवावे लागते. पूर्वी जे नेमके सुटत होते ते आता अदमासाने सुटू लागले.

मापांच्या बाजूने परिणाम याहून मोठा झाला. किलोच्या भावावरून क्विंटलची किंमत काढण्यास अडीचकीची गरज नाही. दोन शून्ये पुरतात. दशमान पद्धतीने कोष्टकातील गुणाकार स्थानबदलात विरघळविला, आणि त्याबरोबर कोष्टक पाठ करण्याचे प्रयोजनच नाहीसे केले. पूर्णांकांचे पाढे टिकले, कारण त्यांचा संबंध कोणत्याही एका मापाशी नव्हता. जुनी नावेही टिकली, पण ती सुटी झाली: पाव किलो, दीड डझन, अडीच वाजले. औट हा शब्द कोष्टकाच्या आश्रयाने होता. कोष्टकाबरोबर तोही गेला.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस' याजबरोबर 'वीस सात' असे वाचन सुचविण्यात आले, तेव्हा मोठा वाद झाला. मराठीतील एक ते शंभर या संख्यांची नावे जोडून, झिजून एकजीव झालेली आहेत व बालकास ती स्वतंत्रपणे पाठ करावी लागतात, ही पुस्तककर्त्यांची अडचण खरी होती. या सूचनेने पाढ्यांची लय मोडेल, हा विरोधकांचा आक्षेपही खोटा नव्हता. पाढा हा संख्यानामांच्या सरावाचा मोठा आधार आहे, ही गोष्ट दोन्ही पक्षांना ठाऊक होती. परंतु तो सराव कोणत्या व्यवहारासाठी, हा प्रश्न वादात क्वचितच आला. त्यापूर्वी आठ वर्षे, ३० जून २०११ रोजी, पंचवीस पैशांचे नाणे चलनातून रद्द झाले होते. आण्यांच्या काळातील पावलीची ती अखेरची वारसदार होती.